द्राक्ष न पिकणाऱ्या डोंगरावर

(दृश्य: पहाटेचं धुकं. कुरणात विखुरलेली स्प्रूसची उंच झाडं, त्यांच्यामधून चरत जाणारे तपकिरी घोडे.)

स्वित्झर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे आल्प्स येतो. हे आल्प्स नाहीत. हे देशाच्या वायव्येला, फ्रान्सच्या सीमेलगत पसरलेले जुरा डोंगर. सुमारे 1,000 मीटर उंचीवरच्या या पठाराचं नाव फ्रांश-मोंतान्य, म्हणजे मुक्त डोंगर. 1384 साली बासेलच्या राजबिशपने, म्हणजे राज्यही चालवणाऱ्या बिशपने, इथे येऊन राहणाऱ्यांना करमाफी दिली. एवढ्या थंडीत जंगल तोडून वस्ती करायला माणसं सहज थोडीच येणार होती!

इथे घोडे आहेत, गाई आहेत, महिनोन् महिने बर्फ आहे. द्राक्षाचे मळे मात्र खाली, न्यूशातेल सरोवराकडे उतरणाऱ्या उन्हाच्या उतारांवर. तरीही वर, सेन्यलेजिए गावात, जी बीअर तयार होते तिला वाइनचा वास येतो.

(दृश्य: ब्रुअरीचं दार. आत एकावर एक रचलेली लाकडी पिंपं.)

ही ब्रुअरी 1997 साली जेरोम रबेते यांनी सुरू केली. वय तेव्हा 23. शिक्षण वाइन बनवण्याचं. माझ्या मते या ब्रुअरीचं सगळं वेगळेपण त्या शिक्षणात आहे. बीअरवाल्याला सहसा प्रत्येक खेपेला तीच चव हवी असते. वाइनवाला वेगळा. यंदाचं पीक कसं होतं, कोणतं पिंप कसं मुरलं, हे तो आधी विचारतो.

सुरुवात नेहमीसारखीच. सातूला मोड आणून, वाळवून केलेलं माल्ट गरम पाण्यात भिजतं, त्यातली साखर पाण्यात उतरते. हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडू फुलं, घालून तो रस उकळतो. मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं. इथली बीअर कडक, जवळजवळ 11 टक्क्यांची.

आणि मग ती ओकच्या पिंपांत जाते. ज्यांत आधी वाइन मुरली होती, अशा पिंपांत.

(दृश्य: पिंपाच्या लाकडावर उमटलेले वाइनचे जांभळे डाग. अगदी जवळून.)

ओकच्या फळ्या वाइन पितात. पिंप रिकामं केलं तरी तिचा अंश लाकडात खोलवर राहतो, आणि बीअर तो हळूहळू बाहेर ओढते. लाकडातून किंचित हवाही आत शिरते. फटींत ब्रेटॅनोमायसिस जातीचं रानटी यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू असतात. बहुतेक ब्रुअऱ्यांत त्यांना शत्रू मानतात. इथे त्यांना काम करू देतात. लोणचं मुरतं तशी ही बीअर मुरते, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक. कडूपणा मागे सरतो, आंबटपणा येतो, चेरीसारखा, वाळलेल्या मनुकांसारखा गंध चढतो. फेस फारसा उरत नाही.

तिचं नाव अबेई द सँ बों-शियँ. बों-शियँ म्हणजे शहाणा कुत्रा, आणि हे नाव होतं ब्रुअरीतल्या मांजराचं! ते गेल्यावर त्याला थेट संतपद मिळालं, नावाआधी सँ, म्हणजे संत, लागलं. 2004 पासून दर वर्षीची बीअर त्याच्या नावाने निघते, बाटलीवर वर्ष छापून.

(दृश्य: पेला उजेडात धरलेला. तांबूस रंग. बाजूला पिंपांची रांग.)

खरी परीक्षा शेवटी. शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपं, आत एकच बीअर, पण चवी दोन. एक झणझणीत आंबट, दुसरं गोडसर आणि जड. प्रत्येक पिंप चाखायचं, कोणतं कोणाशी जुळतं ते जिभेने ठरवायचं आणि त्यांचा मेळ घालायचा. यंत्र हे सांगू शकत नाही.

कधी एखादं पिंप इतकं सुरेख निघतं की त्यात दुसरं काही मिसळायला हात धजत नाही. ते तसंच बाटल्यांत भरतात. आणि त्यावर वरच्या दर्जासाठीचा वाइनवाल्यांचाच शब्द लिहितात: ग्रां क्रू.