वृक्षनेच्याला हवी असते ओल

हे खोड बुंध्यापाशी मांडीएवढं जाड दिसतं. हात लावून पाहिलं, तर लाकूड लागत नाही. लागतात एकमेकांत गुंतलेली काळी, राठ मुळं. खरं खोड आत, बरंच बारीक. हा वृक्षनेचा, म्हणजे झाडासारखा वाढणारा फर्न. याचे पूर्वज डायनोसॉरच्या काळातही डोंगरउतारांवर उभे होते.

मुळांचा हा थर पावसाचं, धुक्याचं पाणी धरून ठेवतो. म्हणूनच त्यावर शेवाळ वाढतं, ऑर्किड रुजतात, इवले इवले नेचे बिऱ्हाड करतात. माणसानेही नेमकं हेच हेरलं. ऑर्किड लावायला या मुळांच्या कुंड्या, ठोकळे, पाट्या होऊ लागल्या. ब्राझीलमध्ये ‘शाशिम’ म्हणून ओळखला जाणारा डिक्सोनिया सेलोवियाना त्यासाठी इतका तोडला गेला, की तिथे त्याची गणना धोक्यातल्या वनस्पतींत होते.

आता शेंड्याकडे बघा. तपकिरी लव पांघरलेली ही गुंडाळी उलगडत जाते आणि तिचं भलंमोठं पान होतं. झाडाची सगळी वाढ या एका शेंड्यातून. तो छाटला, की बहुतेक जातींत खेळ खलास. ऑस्ट्रेलियातला डिक्सोनिया अंटार्क्टिका वर्षाला जेमतेम 5 सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन मीटरचं खोड तोडायला काही मिनिटं लागतात, घडायला चाळीस वर्षं.

पण कुऱ्हाडीइतकीच मला काळजी वाटते ती मोकळ्या झालेल्या जंगलाची. पानामागचे बीजाणू वाऱ्यावर लांबवर जातात खरे, पण ओल्या, सावलीतल्या मातीवर पडले तरच त्यांतून नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. नरपेशी पोहत जाऊन अंडपेशीला मिळतात ते तिच्या खालच्या बाजूला, पाण्याच्या पातळ थरातून. नवं रोप येतं ते त्यानंतरच. वरची झाडं गेली, ऊन थेट जमिनीवर आलं, की ही चकती सुकते. मोठे वृक्षनेचे तेवढे उभे राहतात, खाली पिल्लू एकही नाही. रोपवाटिकेत रोपं करता येतात, करावीतही. पण ओढ्याकाठची सावली तोडून रोपं लावण्यात अर्थ नाही.

सायथिया गटातले वृक्षनेचे सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. देशातल्या देशात होणारी विक्री मात्र त्या कराराच्या कक्षेत येत नाही. ऑर्किडला नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, झाडाची सालही चालते. तरी कुणी वृक्षनेच्याचा ठोकळा विकत असेल, तर तो कुठल्या जंगलातून आला हे विचारा. धड उत्तर मिळालं नाही, तर घेऊ नका.