हादरा पडण्याचा नव्हे, थांबण्याचा

श्रोतेहो, नमस्कार. बसला असाल तर क्षणभर उभे राहा. चवड्यांवर उंच व्हा, गुडघे ताठ ठेवा आणि टाचा एकदम खाली सोडा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल! बसला ना हादरा, पार दातांपर्यंत?

खरं तर शरीर जेमतेम पाच सेंटिमीटर खाली आलं. तेवढ्यात मिळालेला वेग सेकंदाला एक मीटर. आपण चालतो ते याहून भरभर. मग हादरा कशाचा? थांबण्याच्या घाईचा.

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. न्यूटनने 1687 साली मांडलेल्या दुसऱ्या नियमाचा अर्थ असा, की हा संवेग जितक्या कमी वेळात संपवाल तितकं जास्त बल लागेल. समजा, 60 किलो वजनाच्या माणसाने एक मीटर उंचीवरून उडी मारली. जमिनीला पाय लागताना त्याचा वेग असतो सेकंदाला सुमारे 4.4 मीटर. पाय ताठ ठेवून तो दोन सेंटिमीटरात थांबला, तर थांबायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही आणि जमिनीचं सरासरी बल त्याच्या वजनाच्या 51 पट होतं; जवळजवळ 30 हजार न्यूटन. तोच माणूस गुडघे आणि कंबर दुमडत अर्धा मीटर खाली बसला, तर वेळ जातो पाव सेकंदाच्या आसपास आणि बल राहतं फक्त तिप्पट.

गुडघे वाकवल्यामुळे संवेग कमी होतो असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. कर्ज तेवढंच असतं. एकरकमी फेडायचं की हप्त्याने, एवढंच आपल्या हातात.

पॅराशूटने उतरणारे सैनिक म्हणूनच पाय टेकताच एका कुशीवर लोळतात: आधी पावलं, मग पोटरी, मांडी, नितंब, पाठ. आपण मात्र तोल गेला की हात ताठ पुढे करतो, आणि मनगट मोडतं.

आता एक टोकाचं उदाहरण. मार्च 1944. निकोलस अल्केमेड या ब्रिटिश हवाई दलातल्या, विमानातून मशीनगन चालवणाऱ्या सैनिकाच्या विमानाला आग लागली, पॅराशूटही जळालं. सुमारे साडेपाच हजार मीटरवरून त्याने तसंच खाली झोकून दिलं. हवेच्या विरोधामुळे पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, त्यापुढे उंची वाढली तरी तो फारसा वाढत नाही. खाली पाइनची झाडं होती. एकेक फांदी वाकत गेली, मोडत गेली, थोडा थोडा वेग काढून घेत गेली; उरलेला मऊ बर्फाने घेतला. त्याचा पाय मुरगळला, हाड मात्र एकही मोडलं नाही. त्याला पकडणाऱ्या जर्मनांना हे काही केल्या पटेना. विमानाच्या अवशेषांत जळकं पॅराशूट सापडलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.