दुसरा प्रश्न कोण विचारणार?

प्रास्ताविकात मघाशी म्हटलं गेलं, की मुलांना बोलतं केलं पाहिजे. मुलं बोलतातच हो, मधल्या सुट्टीत कान देऊन ऐका. अडचण अशी, की त्यांच्या बोलण्याला ‘कशावरून?’ असा दुसरा प्रश्न विचारणारं वर्गात कोणी नसतं.

हे ज्यांनी मनावर घेतलं आणि ‘मुलांसाठी तत्त्वज्ञान’ ही पद्धत सुरू केली ते मॅथ्यू लिपमन, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९६८च्या सुमारास विद्यापीठ विद्यार्थी आंदोलनाने पेटलेलं होतं. त्या काळात त्यांचं मत पक्कं झालं, की तर्काने विचार करायला विद्यापीठात शिकवणं म्हणजे फार उशीर. मग त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली, १९७०मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर ती वापरून पाहिली आणि १९७४मध्ये तिथल्याच महाविद्यालयात या कामासाठी संस्था उभी राहिली. अ‍ॅन मार्गारेट शार्प या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या.

कादंबरीतला हॅरी तासाला तंद्रीत असतो. शिक्षक विचारतात, लांब शेपटीचं आणि दर ७७ वर्षांनी सूर्याभोवती फेरी मारणारं काय? हॅरी मनात जुळवतो: सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, हेही फिरतं, म्हणजे हा ग्रह. वर्ग हसतो, कारण उत्तर असतं धूमकेतू. पोरगा मात्र कुठे चुकलो याचा माग काढतो आणि त्याला सापडतं, की ‘सगळे’ने सुरू होणारं खरं वाक्य उलटं केलं की खरं राहीलच असं नाही. पुढे घरी एक शेजारीण आईला सांगत असते, की अमकी बाई रोज दारूच्या दुकानात जाते, म्हणजे नक्की व्यसनी. हॅरी म्हणतो, सगळे व्यसनी त्या दुकानात जात असतील, पण दुकानात जाणारे सगळे व्यसनी कसे? मला हा प्रसंग फार आवडतो. तर्कशास्त्र फळ्यावरून उतरून ओट्यापाशी येतं, ते इथे.

पद्धत सोपी दिसते. मुलं गोलात बसतात, उतारा आळीपाळीने मोठ्याने वाचतात, प्रश्न सुचवतात. शिक्षक ते प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट फळ्यावर लिहितात आणि कुठल्या प्रश्नापासून सुरुवात करायची ते वर्ग ठरवतो. खरं कौशल्य त्यानंतर लागतं. समजा, एक मुलगी म्हणाली, ‘सगळ्यांना सारखी खिचडी वाढली, की न्याय झाला.’ इथे ‘छान!’ म्हणून पुढच्याकडे वळलात, तर ती नुसती गप्पांची मैफल. विचारायला हवं, ‘पहिलीतल्याला आणि आठवीतल्याला सारखीच का?’ कोणी म्हणेल, मोठ्यांना भूक जास्त. मग आठवीतल्या किरकोळ पोराचं काय? गंमत म्हणजे शालेय पोषण आहाराच्या सरकारी मापातही पाचवीपर्यंत १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य आहे. पण हा आकडा तुम्ही आधीच सांगून टाकलात, तर मुलं ‘सर म्हणतात म्हणजे बरोबर’ म्हणून मोकळी होणार. तो हातचा राखून ठेवा आणि मागून काढा. तोही तपासायचा मुद्दा म्हणून.

आपल्या वादविवाद स्पर्धेत बाजू आधी ठरते आणि शेवटपर्यंत सोडायची नसते. इथे मध्येच ‘मला आता तसं नाही वाटत’ म्हणणाऱ्या मुलाचं काहीच बिघडत नाही. उलट ‘तुझं मत कशामुळे बदललं?’ हा त्या तासाचा सर्वांत चांगला प्रश्न ठरू शकतो.

याने गुण वाढतात का, असं पालक विचारतीलच. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत झालेल्या या पद्धतीच्या चाचणीचा अहवाल २०१५मध्ये आला. त्यात वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली. पुढे १९८ शाळांची मोठी चाचणी झाली, तिच्यात वाचनातला फायदा दिसला नाही. मात्र मुलं दुसऱ्याचं मत जास्त आदराने ऐकतात, असं बहुतेक शिक्षकांचं म्हणणं होतं. तेव्हा कृपा करून ही पद्धत शिष्यवृत्ती परीक्षेच्या नावावर खपवू नका.

आणि पन्नास मुलांचा वर्ग? शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तिसास एक शिक्षक आहे, पण असो. दोन गोल करा. आतला गोल बोलेल. बाहेरचा गोल, कोणी कारण दिलं, कोणी उदाहरण दिलं, कोणी नुसतंच ठासून सांगितलं ते टिपेल. अर्ध्या तासाने अदलाबदल. आवाज होईल, म्हणून मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. शक्यतो त्यांना बाहेरच्या गोलातच बसवा.