आठ्या, अर्धशिशी आणि आखडलेला हात

श्रोतेहो, नमस्कार. बोटॉक्स म्हटलं की सुरकुत्या आठवतात. पण १९८९ साली अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटलं की स्नायू आकसतो. बोटॉक्समधलं बोट्युलिनम विष ते सुटूच देत नाही, म्हणून स्नायू सैलावतो. परिणाम तीन-चार दिवसांनी जाणवू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. तेव्हा तिसऱ्याच दिवशी ‘फरक नाही’ म्हणून पुन्हा सुई घेऊ नका.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सच्या १०० युनिटच्या कुपीत अडीच मिली सलाइन घालतात. मग ०.१ मिलीत ४ युनिट येतात. पाच जागी प्रत्येकी ४, एकूण २०. बाहेरच्या बाजूची सुई भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून किमान एक सेंटीमीटर वर हवी. खाली गेली, तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं आणि पापणी काही आठवडे अर्धवट मिटलेली राहते. टोचलेली जागा त्या दिवशी चोळू नका. आणि एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे, म्हणून औषधाचं नाव आणि युनिट लिहूनच घ्या.

महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखवणाऱ्या जुनाट अर्धशिशीत कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ जागी १५५ युनिट देतात, दर बारा आठवड्यांनी. काखेत फार घाम येत असेल, तर प्रत्येक काखेत ५० युनिट, तेही कातडीतच.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पक्षाघातानंतरचा उपयोग. मूठ इतकी आवळते की नखं तळव्यात रुततात, हात धुता येत नाही. नेमका कोणता स्नायू आखडलाय हे सोनोग्राफीत पाहून सुई दिली, तर बोटं उघडतात. गेलेली ताकद मात्र या औषधाने परतत नाही. मिळालेल्या त्या तीन महिन्यांत रोज ताण देण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट, म्हणजे हात-बोटं सरळ धरून ठेवणारा आधार, हवेच. घरच्यांना हे आधी सांगितलं जात नाही आणि मग औषधावर खापर फुटतं.

गरोदरपण, मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकून दुबळे होण्याचा आजार) किंवा जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. सुईनंतर काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही गिळायला, बोलायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक मोठं रुग्णालय गाठा.