चार्जरच्या मागचा डबा

(वीज कंत्राटदार, डेपोतले तंत्रज्ञ आणि पॉलिटेक्निकचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला होता ‘इलेक्ट्रिक वाहनांचं भवितव्य’. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या परवानगीने मी तो बराच आखूड केलाय. आज फक्त चार्जरना वीज वाटून देणाऱ्या एका डब्याबद्दल बोलू. जाडसर वहीएवढा, ॲल्युमिनियमचा, पंखा नाही, वर नुसत्या खाचा. पॅनेलमध्ये एमसीबीच्या शेजारी डिन रेल या धातूच्या पट्टीवर अडकवलेला असतो. कॅटलॉगमध्ये त्याला इंडस्ट्रियल पीसी म्हणतात, साइटवर सगळे नुसतं ‘बॉक्स’ म्हणतात. लोकांना चार्जर दिसतो, गाडीला लावायची गन दिसते, मोबाईलमधलं ॲप दिसतं. हा कोणाला दिसत नाही आणि टेंडरमध्येही त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते.

तो लागतो कशाला, हे बसच्या डेपोत सगळ्यात चांगलं कळतं. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी धावली. २०२२ मध्ये त्याच तारखेला त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. त्याआधी २०१९ मध्ये पुण्यात पीएमपीएमएलच्या ई-बस भेकराईनगर डेपोतून निघायला लागल्या होत्या. डिझेलच्या डेपोत रात्री गाडी येते, पंपावर काही मिनिटं थांबते, टाकी भरते, धुतली जाते, लाइनीत लागते. पंप एक असला तरी भागतं. विजेच्या गाडीला तास लागतात, आणि शेवटच्या फेऱ्या संपवून सगळ्या गाड्या साधारण एकाच सुमाराला परत येतात.

आता हिशेब मांडू. हा माझा काल्पनिक डेपो आहे, आकडे सोयीचे घेतलेत. २४ बस. १२० किलोवॅटचे १२ चार्जर, प्रत्येकाला दोन गन. प्रत्येक बसला रात्रीत सरासरी १५० युनिट लागतात. रात्री दहाला सगळ्या बस लावल्या आणि कोणी मध्ये पडलं नाही, तर १२ गुणिले १२०, म्हणजे १,४४० किलोवॅट. चार्जरची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर मीटरवर १,५०० च्या वर. एवढी कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी, घ्यायची तर ट्रान्सफॉर्मर, उच्च दाबाची (एचटी) केबल, ब्रेकर सगळं त्या मापाचं, आणि महिन्याचा डिमांड चार्ज बस चालो न चालो भरायचा. कमी डिमांड घेऊन ओलांडली तर दंड.

पण युनिट मोजा. २४ गुणिले १५० म्हणजे ३,६००. गळती धरून ३,८०० च्या आत. रात्री दहा ते पहाटे पाच हे सात तास. भागाकार करा, सरासरी साडेपाचशे किलोवॅटही लागत नाहीत. म्हणजे ७०० केव्हीएमध्ये (इथे केव्हीए साधारण किलोवॅटएवढाच धरा) हा डेपो आरामात चालतो. दीड हजार आणि सातशे यांच्यामधला सगळा खर्च वाचवायचं काम त्या डब्याचं.

तो करतो काय? मुख्य इनकमरवर, म्हणजे वीज आत येते तिथे, लावलेला मीटर दर सेकंदाला वाचतो. कोणती बस कोणत्या गनला आहे, बॅटरी किती टक्के आहे, पहाटे कितीला निघायचंय, हे त्याच्याकडे असतं. त्यावरून प्रत्येक गनला वाटा ठरवतो आणि चार्जरला सांगतो: तू ४० घे, तू १५ वर थांब. गाडी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की बॅटरी स्वतःच कमी घ्यायला लागते, ती उरलेली वीज दुसऱ्याला देतो. कॅनॉलच्या पाणीपाळीवर वाढलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. फक्त इथे पाळी दर मिनिटाला बदलते आणि भांडायला कोणी येत नाही.

चार्जरशी बोलायची भाषा म्हणजे ओसीपीपी. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये तिची सुरुवात झाली. तिथल्या वीज वितरण कंपन्यांच्या ई-लाड या संस्थेला वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एकाच यंत्रणेला जोडायचे होते. आपल्याकडे साइटवर अजून जास्त करून १.६ ही आवृत्ती भेटते, ती २०१५ ची. २.०.१ ही २०२० मध्ये आली आणि २०२४ मध्ये आयईसी या विद्युत मानकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती ६३५८४ या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून घेतली. चार्जर सुरू झाला की आधी स्वतःची ओळख सांगतो, मग ठरावीक अंतराने ‘मी जिवंत आहे’ म्हणतो, गाडी लागली, चार्जिंग सुरू झालं, एवढे युनिट गेले, असं कळवत राहतो. वरून येणाऱ्या हुकमांत आपल्या कामाचा मुख्य हुकूम म्हणजे चार्जिंग प्रोफाइल: इतका वेळ, इतक्या मर्यादेत.

इथे मुख्य प्रश्न येतो. हा वाटा ठरवायचा कोणी? विकायला येणारा म्हणतो, आमच्या क्लाउडवर सगळं होतं, साइटवर काही नको. मला ते पटत नाही. डेपोत पत्र्याची शेड असते, सिमकार्डला रेंज कधी असते कधी नसते, रस्ता खोदताना फायबर तुटतं. डिमांड मात्र त्या सगळ्याची वाट पाहत नाही, मीटर मोजत राहतो. तेव्हा वाटणीचा निर्णय जिथे ट्रान्सफॉर्मर आहे तिथेच झाला पाहिजे. क्लाउडने बिलं करावीत, अहवाल काढावेत, उद्याचं वेळापत्रक पाठवावं. ओसीपीपीमध्ये या मधल्या जागेला लोकल कंट्रोलर असं नावच आहे: चार्जर त्याला जोडलेले, तो वर जोडलेला.

मग लगेच पुढचा प्रश्न, आणि तो इथल्या एका मुलाने चहाच्या वेळी मला विचारलाच: “सर, मग तो डबाच बंद पडला तर?” छान प्रश्न आहे. प्रत्येक चार्जरच्या पोटात एक मूळ प्रोफाइल ठेवता येतं, जे वरून काही आलं नाही तर लागू होतं. आपल्या डेपोत ते २५ किलोवॅट ठेवा. २४ गुणिले २५ म्हणजे ६००, गळतीसकट साधारण ६३०. सातशेच्या आत. आणि १५० युनिट भागिले २५ म्हणजे सहा तास. बघा, डबा रात्रभर मेला तरी दहाला लावलेली सरासरी बस पहाटे चार-साडेचारला तयार. अडचण येते ती सरासरीत न बसणाऱ्या गाडीची: साडेअकराला १५ टक्क्यांवर आलेली आणि साडेचारला सुटणारी. तिच्यासाठी डबा पाहिजे. बाकीच्यांसाठी आधी हा साधा भागाकार करून ठेवा.

यात एक मेख आहे. डब्याने एखाद्या गनला ९० चं प्रोफाइल दिलं आणि पुढच्या क्षणी तो बंद पडला, तर ती गन ९० वरच राहणार. म्हणून प्रत्येक प्रोफाइलला मुदत घाला. पाच मिनिटांची द्या आणि मुदत संपण्याआधी नवीन पाठवा. डबा गेला की पाच मिनिटांत सगळे आपोआप मूळ मर्यादेवर येतात. सगळेच चार्जर ही मुदत नीट पाळत नाहीत, माहितीपत्रकात ‘स्मार्ट चार्जिंग’ छापलेलं असलं तरी. विकत घेण्याआधी एक चार्जर टेबलावर मागवून तपासा.

आता मीटर. मला सगळ्यात जास्त रात्री जागवल्यात त्या दोन तारांनी. आरएस-४८५, म्हणजे मीटर ते डबा अशी ए आणि बी या दोन तारांची लाइन, तिच्यावर मॉडबस ही भाषा. ए आणि बी उलटे लागले की काहीच येत नाही, ते बरं, लगेच कळतं. शेवटच्या टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर नसेल तर दिवसा ठीक चालतं आणि रात्री सगळे चार्जर लोडवर आले की वाचन गाळायला लागतं. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली असेल तर आणखी गंमत. मीटर ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे दोन खान्यांत, देतो. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे कंपनीगणिक वेगळं. ते उलटं घेतलं की ४२० किलोवॅटच्या जागी काहीतरी अचाट आकडा दिसतो. तोही बरा, कारण अचाट आहे. सगळ्यात वाईट काय, तर मीटर बोलायचा थांबला आणि प्रोग्रॅम शेवटचा आकडाच खरा धरून बसला. स्क्रीनवर ३१० दिसतंय, प्रत्यक्षात ८०० चाललंय. म्हणून वाचनाबरोबर त्याची वेळ ठेवा. वाचन दहा सेकंदांपेक्षा जुनं झालं की ते नाहीच असं समजायचं आणि सगळ्यांना २५ वर आणायचं. मर्यादा खाली आणताना झटकन, वर नेताना सावकाश.

“पीएलसी का नको?” असं मागून कोणीतरी म्हणतंय. पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा नियंत्रक, मला आवडतो, कॉन्टॅक्टर, ब्रेकर, पंप यांसाठी त्याच्यासारखा नाही. पण चार्जरशी बोलायला वेबसॉकेट, म्हणजे नेटवरची सतत उघडी जोडणी, लागतं, ओळख पटवणारं सर्टिफिकेट लागतं, नेट नसताना शेकडो व्यवहार साठवायला डेटाबेस लागतो. हे पीएलसीवर ओढूनताणून करता येतं, पुढचा माणूस मात्र शिव्या देतो. लिनक्सचा डबा सोपा. एक गोष्ट मात्र पक्की: जीव वाचवणारं काहीही त्या डब्यावर सोपवायचं नाही. इमर्जन्सी स्टॉप थेट तारेने ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला. अर्थ लीकेज, इन्सुलेशन मॉनिटर, तापमानाची कट-ऑफ, सगळं हार्डवेअरमध्ये. सॉफ्टवेअरने फार तर त्याची नोंद ठेवावी.

डबा महाग का, घरचा पीसी का चालत नाही? अकोल्याला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. उन्हातल्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये ६० सहज. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा आहे. पंखा लावला तर धूळ ओढतो आणि अडकतो. कोकणात उन्हापेक्षा दमट खारी हवा आणि पाली. केबल ग्लँड उघडी राहिली की पाल आत, कुंभारमाशीचं मातीचं घर कनेक्टरवर. डबा कितीही भारी घ्या, ग्लँड बंद करायला कोणी विसरला की संपलं.

स्वस्तात करणारे एसडी कार्डवर चालणारा छोटा बोर्ड लावतात. लिहिता लिहिता लाईट गेली की कार्ड खराब, आणि आपल्याकडे लाईट जाते. औद्योगिक प्रतीचा एसएसडी घ्या, मूळ सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवा, डेटासाठी वेगळा भाग, आणि काही मिनिटं टिकणारा छोटा डीसी यूपीएस. तेवढ्या वेळात चालू व्यवहारांचे शेवटचे युनिट लिहून ठेवता येतात. नाहीतर सार्वजनिक स्टेशनवर गिऱ्हाईक भांडतं, आणि त्याचं बरोबर असतं.

घड्याळाचा सेलही बघा. सेल संपला, लाईट जाऊन आली, डब्याचं घड्याळ १९७० वर. मग तो सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो आणि म्हणतो, हे अजून लागूच झालेलं नाही. जोडणी होत नाही. खासगी एपीएनच्या, म्हणजे बंदिस्त नेटवर्कच्या, सिममधून वेळ देणाऱ्या सर्व्हरपर्यंत वाट नसेल तर घड्याळ सुधारणारही नाही. लोक अँटेना बदलतात, सिम बदलतात, दोष दहा-वीस रुपयांच्या सेलचा असतो.

आणि वॉचडॉग. प्रोग्रॅम अडकला की डबा स्वतःला रीस्टार्ट करतो, ही सोय डब्यात असतेच. पण ‘मी चालू आहे’ हे त्याला सांगायला वेगळा चिमुकला प्रोग्रॅम लिहून ठेवतात. मुख्य प्रोग्रॅम मेलेला, चिमुकला इमानाने सांगतोय सगळं ठीक. मीटर वाचला, वाटा काढला, पाठवला, हे चक्र पूर्ण झाल्यावरच तो निरोप गेला पाहिजे.

सुरक्षेवर थोडंच बोलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्को–सेंट पीटर्सबर्गच्या एम-११ महामार्गावरचे चार्जर बंद पडले आणि त्यांच्या पडद्यावर पुतिनविरोधी मजकूर झळकला. मुख्य भाग युक्रेनच्या कंपनीचे होते आणि बाहेरून आत यायची वाट उघडी होती. युद्ध नसतानाही दार उघडं ठेवायचं कारण नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. दुरून दुरुस्तीसाठी व्हीपीएन हवं, उघडं पोर्ट नको.

दुसरा धोका कमी नाट्यमय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनेल एक्स वे या कंपनीने उत्तर अमेरिकेतला कारभार गुंडाळला. घरगुती चार्जर वीज देत राहतील, पण ॲप आणि ऑनलाइन सोयी बंद होतील, असं कंपनीने कळवलं; व्यावसायिक ठिकाणी सॉफ्टवेअरशिवाय चार्जर सांभाळायचे कसे, हा प्रश्न मालकांवर येऊन पडला. तेव्हा कंत्राटात लिहून घ्या की चार्जरमधला सर्व्हरचा पत्ता बदलायचा अधिकार मालकाचा, डब्याचा ॲडमिन पासवर्ड मालकाच्या ताब्यात, आणि सेटिंगची प्रत पेन ड्राइव्हवर.

स्वीकृती चाचणी कागदावर घेऊ नका. मे महिन्यात, दुपारी दोनला, सगळ्या गन गाड्यांना लावून घ्या. आधी राउटरची केबल काढा आणि अर्धा तास थांबा. चार्जिंग चालू राहिलं पाहिजे आणि केबल परत लावल्यावर सगळे व्यवहार वर पोचले पाहिजेत. मग मीटरची ४८५ ची तार काढा. मिनिटभरात सगळे २५ वर आले पाहिजेत. मग डब्याचा फ्यूज काढा आणि पाच मिनिटं मीटरकडे बघत उभे राहा. कंत्राटदार म्हणेल, हे टेंडरमध्ये नव्हतं. म्हणून टेंडर लिहितानाच घाला.

आता प्रश्न घेऊ. मघाशी पीएलसीवाले कोण होते, ते पुढे या.