कोॲक्सियल मॉनिटर घ्यावा का?

मंडळी, इथं बसलेले बहुतेक जण लहान स्टुडिओ चालवणारे. भजनं, लग्नाची गाणी, प्रचाराच्या जिंगल्स, आणि सोलापूर म्हटल्यावर मराठीच्या जोडीला कन्नड आणि तेलुगूही. तेव्हा वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा आणि ट्वीटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा, यापलीकडे ओळख करून देत नाही. मॉनिटर म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचा स्पीकर, आणि कोॲक्सियल मॉनिटरमध्ये ट्वीटर वूफरच्या ऐन मध्यावर बसवलेला असतो. कल्पना जुनीच, टॅनॉय कंपनीचा ड्युअल कॉन्सेंट्रिक १९४७ चा, केईएफ कंपनीचा युनि-क्यू १९८८ चा.

पण त्याआधी मला एक सांगायचंच आहे. टेबलावर नीट दिसतात म्हणून साधे टू-वे, म्हणजे वूफर आणि ट्वीटर वेगवेगळ्या जागी असलेले, मॉनिटर आडवे ठेवायची पद्धत आपल्याकडे पडली आहे. एका स्टुडिओत भजनाचं मिक्सिंग चाललं होतं. मॉनिटर आडवे, समोर ऑपरेटर पोरगा, शेजारी गाणारे बुवा. बुवा म्हणाले, "अरे, माझे शब्द आत गेलेत." पोरानं आवाज वाढवला. "अजून आतच आहेत." पुन्हा वाढवला. पोराला त्याच्या जागेवर शब्द टोचत होते, पण बुवांसारख्या वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी गाडीत लावलं तर पखवाज गायब, बुवा एकटेच. सगळ्यांनी पोराला धारेवर धरलं, आणि ते मला आजही सहन होत नाही. खरं म्हणजे दोघांचेही कान बरोबर होते!

हिशोब बघा. दोन हजार हर्ट्झला ध्वनिलहर साधारण १७ सेंटिमीटरची. वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांमधलं अंतरही तेवढंच धरा. आडव्या मॉनिटरच्या तीस अंश बाजूला बसलात, की दोघांच्या वाटांत साडेआठ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे अर्धी लहर. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आवाज ट्वीटरकडे सोपवतो ती सीमा, तिथंच असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात, आणि व्यंजनं ऐकू येतात ती याच पट्ट्यात. बुवा नेमके त्या खड्ड्यात बसले होते. मॉनिटर उभा केला तर तोच खड्डा वर-खाली जातो. बसलेल्याला त्रास नाही, उभं राहिलेल्याला होतो.

पाच मिनिटं उरल्याची खूण झाली, म्हणून आता भराभर सांगतो. कोॲक्सियलमध्ये दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघतात, त्यामुळे हा खड्डा पडत नाही. आडवा ठेवा, उभा ठेवा. माणूस जितका जवळ बसेल तितका फायदा मोठा. उणी बाजूही आहे: वूफरचा कागदी शंकूसारखा पडदा हलतो, तोच ट्वीटरचा भोंगा असल्यानं जोराच्या बासला वरचे सूर किंचित डहुळतात. म्हणून महागड्या मॉडेलांत बासला वेगळे वूफर देतात. पैसा तिथं जातो.

खोलीचा बास मात्र कुठलाच कोॲक्सियल सुधारत नाही. दहा फुटी खोली ५६ हर्ट्झच्या आसपास घुमणारच. भिंतीवर चादरी टांगून ते थांबत नाही. चादर फक्त वरचे सूर शोषते. कोपऱ्यांत जाड रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंचे आवाज शोषणारे थर, लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. एकटे ऐकत असाल आणि मॉनिटर उभे ठेवायला जागा असेल, तर आधी रॉकवूल घ्या, जोडी साधीच चालेल. गायक, वादक, पैसे देणारा असे सगळे शेजारी बसून एकत्र ऐकत असतील, तर रॉकवूलनंतरचा खर्च कोॲक्सियलवर करा. तिथं त्याची किंमत वसूल होते. आणि आज घरी गेल्यावर आडवे मॉनिटर उभे करा, त्याला पैसा लागत नाही.