माणूस काढायला बसताना

नमस्कार श्रोतेहो. चित्रकलेच्या वर्गात माणूस काढायची वेळ आली की मागच्या बाकावर सरकणाऱ्या मुलामुलींशी मला आज बोलायचंय.

शरीररचनेचं पुस्तक उघडलं की २०६ हाडं, त्यांवर शेकडो स्नायू, छाती दडपतेच. ते पुस्तक तूर्त मिटा. उजवा हात पुढे करा, उताणा. डाव्या हातानं त्याच्या कोपराचं टोक चाचपा आणि तिथून करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत या. सलग एक हाड लागेल, कातडीच्या अगदी खाली. आता हात पालथा करा. ते हाड जवळपास जागीच राहिलं, आणि अंगठ्याकडचं हाड त्याला तिरकं ओलांडून पलीकडे गेलं. पालथ्या हाताची कड उताण्यापेक्षा वेगळी दिसते ती यामुळे. हे एकदा बोटांना कळलं, की कागदावर ती कड चाचरत शोधावी लागत नाही.

दुसरी गोष्ट भाराची. गवंडी ओळंबा सोडतो तसा नजरेनं एक दोरा गळ्याच्या खळगीतून खाली सोडा. पंढरपूरचा विठोबा दोन्ही पायांवर सारखा उभा आहे. तिथे दोरा दोन पावलांच्या मधोमध येतो. बसथांब्यावर कंटाळलेला माणूस मात्र एका पायावर रेलतो. मग दोरा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो, त्या बाजूची कंबर वर चढते आणि बहुधा खांदा खाली येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा, सगळं अंग कसं डौलानं कललंय! मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२पासून तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन तिथली चित्रं उतरवून घेत होते. पाहून पाहून शिकण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे.

समोर मॉडेल बसलं की रोखून पाहायचा संकोच वाटतो. साहजिक आहे. पण एका जागी न हलता बसणं अंगमेहनतीचं काम असतं, पाय बधिर होतात, मान अवघडते. त्या माणसाचा मान नीट पाहण्यातच राखला जातो, असं मला मनापासून वाटतं.

उद्या थांब्यावर वही काढा. चेहरा, बोटं, कपडे राहू द्या. खांद्यांची एक तिरकी रेघ, कमरेची दुसरी, आणि भार पेलणारा पाय. बस येईपर्यंत एवढं होतं.